मेगापिक्सेल मोजू नका, उजेड बघायला शिका

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीत कुणाला फोटोग्राफीचा नाद लागला, की पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, किती मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ?" उजेडाबद्दल कुणी विचारत नाही. मग कॉलेजातलं पोरगं घरच्यांच्या मागं लागून हप्त्यावर कॅमेरा घेतं, आणि चार महिन्यांत तो कपाटात जातो. हे थांबायला हवं.

गैरसमज: जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त चांगला फोटो.

वस्तुस्थिती: साफ चूक. कितीदा सांगायचं? 1 मेगापिक्सेल म्हणजे 10 लाख टिंबं, एवढाच त्याचा अर्थ. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 टिंबांचा असतो. इंचाला 300 टिंबं धरली तरी त्यातून 13 बाय 10 इंचांची स्वच्छ प्रिंट निघते. फुल एचडी टीव्ही तर जेमतेम 2 मेगापिक्सेल दाखवतो.

"मग 200 मेगापिक्सेलचे फोन उगाच निघतात का?" असा वाद हमखास होतो. सॅमसंगनंच सांगितलं आहे, की त्यांचा 200 मेगापिक्सेलचा सेन्सर कमी उजेडात 16 टिंबं एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. उलट सोनीचा ए सेव्हन एस थ्री हा कॅमेरा 12 मेगापिक्सेलचाच, तरी अंधुक उजेडातल्या चित्रीकरणासाठी नावाजलेला. कारण त्याचा सेन्सर साधारण 36 बाय 24 मिलिमीटरचा आहे. सेन्सर मोठा, तर गोळा होणारा उजेड जास्त. जाहिरातीत मात्र आकडाच मोठ्या अक्षरांत छापतात.

आता हातातल्या फोननं काय होतं ते बघा. हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर सकाळी जा. दारातून येणारं ऊन काहिलीवरच्या वाफेच्या मागून येईल असे उभे राहा. आतला अंधार बघून फोन सगळंच उजळ करतो आणि वाफेचा पांढरा गोळा होतो. स्क्रीनवर वाफेला बोट लावा, शेजारी दिसणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. वाफेचे पदर सुटे दिसू लागतील, गुळव्याच्या हातांची कड उजळेल. मध्येच लेन्स पुसायला विसरू नका, वाफ तिच्यावरही बसते. हा फोटो मेगापिक्सेलमुळं येत नाही, कुठं उभं राहायचं ते कळल्यामुळं येतो.

कोल्हापूरच्या माणसाला तर हे सांगायची गरजच पडू नये. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला; 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. ते मुळात चित्रकार. चौकट आणि छायाप्रकाश त्यांनी आधी कुंचल्यानं साधला होता.

आणखी काही गैरसमज:

- "भर दुपारी फोटो छान येतात." डोक्यावरच्या उन्हानं डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळ आणि दिवस कलताना उजेड तिरपा, मऊ असतो.
- "झूम केलं की जवळचं येतं." डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं. चार पावलं पुढं जा.
- "फ्लॅशनं अख्खं मैदान उजळतं." अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो.
- "मॅन्युअलवर काढला तरच खरा फोटोग्राफर." ऑटोवर चौकट पक्की करा, शटर, ॲपर्चर, आयएसओ एकेक करून शिका.
- "जुना कॅमेरा घेऊच नये." नवशिक्यांसाठीच्या अनेक डीएसएलआरचं शटर कंपनीनं 1 लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. किती क्लिक झालेत ते विचारा, लेन्समध्ये बुरशी आहे का बघा.

महागडी साधनं कधीच लागत नाहीत, असं नाही. दाजीपूरच्या जंगलातला गवा किंवा पाटगावच्या जलाशयावरचा पक्षी टिपायला लांब पल्ल्याची लेन्स हवीच. तिथं फोन कमी पडतो. म्हणून खरेदीची कसोटी एकच ठेवा. "मला अमुक फोटो काढायचाय, आणि तो माझ्या फोननं या कारणासाठी येत नाही," एवढं वाक्य नेमकेपणानं सांगता आलं की कॅमेरा घ्या. तोवर हप्त्याच्या कागदावर सही करू नका.