सुट्टीतलं ऊन पाणी

डिसेंबरात पंखे थांबतात, एसी बंद होतो. बिल उतरायला हवं. पण नाताळच्या सुट्टीत आत्या, मामा, त्यांची मुलं येतात आणि बिल जागचं हलत नाही. नाशिक-निफाडच्या थंडीत तर ते चढतंही. युरोपात हिवाळ्यातली ऊर्जा खोल्या उबदार ठेवण्यात जाते. आपल्याकडे ती आंघोळीच्या पाण्यात जाते. म्हणून बचतीची सुरुवात दिव्यांच्या माळांपासून नव्हे, न्हाणीघरापासून व्हावी.

15 लिटरच्या गिझरमधलं पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला साधारण 0.7 युनिट वीज लागते. गिझर 2,000 वॅटचा असेल तर हे वीस-एकवीस मिनिटांचं काम. त्यात तेवढंच गार पाणी विसणलं की अंगाला सोसेल अशा कढत पाण्याच्या 15 लिटरच्या दोन बादल्या होतात. म्हणजे घरात सहा माणसं असली तरी रोज दोन युनिटांच्या आसपास भागतं. शॉवरखाली हेच गणित बिघडतं. मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जातं, पाच मिनिटांत तीन बादल्या संपतात आणि वीजही तिप्पट लागते. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांनंतर पुढची पायरी लागते आणि वरच्या युनिटांचा दर चढा असतो. एरवी नव्वदीत थांबणारं घर पाहुण्यांच्या आठवड्यात ती पायरी ओलांडतं ते बहुतेक वेळा याच पाण्यापायी.

‘गिझर सारखा बंद-चालू करण्यापेक्षा चालूच ठेवलेला बरा, पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते,’ असं अनेक घरांत ठामपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. टाकीतलं पाणी जितकं गरम आणि जितका वेळ गरम, तितकी उष्णता बाहेर झिरपते. दर थोड्या वेळाने थर्मोस्टॅट खटका मारतो आणि कोणी आंघोळ करत नसतानाही कॉइल पेटते. पाणी गार होऊ दिलं की ही गळती आपोआप मंदावते. तेव्हा आंघोळीच्या अर्धा तास आधी गिझर लावावा, सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात आणि बटण बंद करावं. शाळा नसल्याने मुलांना पहाटेची घाईही नसते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी सहाला बोचरं असतं, अकराला कोमट. दहा अंश कमी तापवावं लागलं तर पाव वीज वाचते.

सोलर असलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. टाकीत मदतीला विजेची कॉइल असते. ती रात्रभर चालू राहिली तर सूर्याचं काम वीजच करून टाकते आणि सकाळचं ऊन वाया जातं. पाहुणे जास्त असतील तर निम्म्यांनी संध्याकाळी आंघोळ करावी. दिवसभर तापलेलं पाणी तेव्हाच सर्वांत कढत असतं.

आपणच गावाला जाणार असाल तर निघताना गिझर, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणानेच बंद करावेत. रिमोटने झोपवलेला बॉक्सही वीज खात राहतो. फ्रिज मात्र रिकामा करून पुसल्याशिवाय बंद करू नये, आणि बंद केलाच तर दार किंचित उघडं ठेवावं, नाहीतर आत बुरशी धरते.