स्थिर वय आणि सरकता भूतकाळ : ‘द सिम्पसन्स’ या ॲनिमेशन मालिकेचे दीर्घायुष्य

दूरचित्रवाणीवरील हास्यमालिकेला सहसा दीर्घायुष्य लाभत नाही. नट वयस्क होतात, बालकलाकारांना मिसरूड फुटते, जुळवावयाची लग्ने जुळून जातात आणि सांगण्यासारखे फारसे उरत नाही. अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झालेली ‘द सिम्पसन्स’ ही मालिका मात्र आजही चालू आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिने ‘गनस्मोक’ या मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मोडला. तिच्या या दीर्घायुष्यामागील एका रचनातत्त्वाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मॅट ग्रेनिंग यांनी निर्मिलेल्या या कुटुंबातील बार्ट आजही १० वर्षांचा आहे, लिसा ८ वर्षांची आणि मॅगी तान्हीच. रेखाटलेल्या पात्रांचे वय वाढत नाही, हे उघड आहे. परंतु त्यातून लेखकांपुढे उभी राहणारी अडचण तितकीशी उघड नाही. भोवतालचे जग वर्तमानात राहावयाचे आणि होमर मात्र चाळिशीच्या अलीकडेच थांबावयाचा, तर त्याच्या तारुण्याचे काय करावयाचे? १९९१ मधील ‘द वे वी वॉज’ या भागात होमर आणि मार्ज यांची भेट १९७४ मध्ये, शाळेच्या अखेरच्या वर्षी होते. २००८ मधील ‘दॅट नाइन्टीज शो’ या भागात मात्र त्याच दांपत्याचे विवाहपूर्व तारुण्य १९९० च्या दशकात नेलेले दिसते. अनेक जुन्या प्रेक्षकांना ही मोडतोड रुचली नाही. तथापि, मालिका ताजी राहण्याचे मर्म याच मोडतोडीत आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. येथे वर्तमान स्थिर असून भूतकाळच सरकतो. त्यामुळे प्रत्येक पिढीला होमर हा आपल्याच काळातील बाप वाटू शकतो. (ताजेपणा म्हणजे गुणवत्ता नव्हे, लेखनाची घट्ट वीण पहिल्या दशकातच अधिक आढळते.)

ताजेपणाचा दुसरा मार्ग ‘साउथ पार्क’ या १९९७ पासूनच्या मालिकेने दाखविला. तिचे भाग सामान्यतः सहा दिवसांत तयार होत आले असल्याने ताज्या घडामोडींवर टीका करणे तिला शक्य झाले. ‘सिम्पसन्स’च्या एका भागाला अनेक महिने लागतात, बातमीचा आधार तिला पुरत नाही.

सरकत्या भूतकाळाच्या या युक्तीला मर्यादाही आहे, आणि ती भारतीय वाचकाच्या जिव्हाळ्याच्या पात्रापाशी उघडी पडते. स्प्रिंगफील्डमधील किराणा दुकानदार अपू हा १९९० मध्ये प्रथम दिसला. त्याचे नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटत्रयीवरून घेतलेले आहे. नवलाची गोष्ट अशी की, ज्या मालिकेत बार्ट एक इयत्ताही पुढे जात नाही, त्याच मालिकेत अपूचे आयुष्य पुढे सरकले : १९९७ मध्ये त्याचा मंजुळाशी विवाह झाला, १९९९ मध्ये त्याला एकाच वेळी आठ अपत्ये झाली. बदलली नाही ती केवळ त्याच्या बोलण्याची ढब. आणि ती हँक अझेरिया या गौरवर्णीय अमेरिकी नटाची होती. जी ढब १९९० मध्ये बहुसंख्य प्रेक्षकांना निरुपद्रवी वाटली, तीच अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांना शाळेत चिडविण्याचे साधन ठरली. विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मधील ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ या माहितीपटात हाच मुद्दा मांडला. मालिकेने २०१८ मधील एका भागात दिलेले उत्तर टाळाटाळीचे होते : पूर्वी चालत असे ते आता चालत नाही, त्याला आपण काय करणार, अशा आशयाचे. होमरचे अवघे तारुण्य वीस वर्षे पुढे सरकविणाऱ्या लेखकांनी असे म्हणावे, हे पटण्याजोगे नाही.

जानेवारी २०२० मध्ये अझेरिया यांनी अपूचा आवाज सोडल्याचे सांगितले. श्वेतवर्णीय नट यापुढे अन्य वर्णांच्या पात्रांना आवाज देणार नाहीत, असे त्याच वर्षी जून महिन्यात मालिकेच्या वतीने जाहीर झाले. अन्य काही पात्रांना नवे आवाज मिळाले. अपू त्यानंतर गर्दीत अधूनमधून दिसला आहे. परंतु तो बोललेला नाही.