सरासरी विद्यार्थी कोण ?

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एखाद्या पाहणीचे आंकडे प्रसिद्ध झाले कीं सुशिक्षित घरांतून त्यांची चर्चा सुरू होते. विद्यार्थी दिवसाला सरासरी इतके तास वाचतो, महिन्याला सरासरी इतके रुपये खर्च करतो, शेंकडा इतके विद्यार्थी आपल्या अभ्यासक्रमावर नाराज आहेत, अशीं तीं वाक्यें असतात. वडील वर्तमानपत्र खालीं ठेवतात आणि समोर बसलेल्या चिरंजिवांकडे पाहतात. हा सरासरीच्या वर कीं खालीं, असा प्रश्न त्या नजरेंत असतो. तिकडे शिष्यवृत्तीची रक्कम किती असावी, वसतिगृहाचें शुल्क वाढवावें कीं नाहीं, मुलींसाठीं किती जागा बांधाव्यात, हे निर्णयहि अशाच आंकड्यांच्या आधारानें घेतले जातात. तेव्हां हे आंकडे वाचावे कसे, याचा थोडा विचार आज करूं. गणिताचें नांव ऐकून कोणी दचकूं नये. ज्याला बेरीज आणि भागाकार येतो त्याला या भाषणांतील सर्व कांहीं समजेल.

सरासरी, मध्यक, शेंकडेवारी वगैरे आंकड्यांना संख्याशास्त्रांत वर्णनात्मक आंकडे म्हणतात. हजार विद्यार्थ्यांनीं भरून दिलेल्या प्रश्नावल्या एकामागून एक वाचीत बसायला कोणाला सवड नसते. त्या सगळ्यांचें सार दोनचार संख्यांत सांगावें लागतें. सार काढतांना पुष्कळ कांहीं गाळावें लागतें, आणि वाचकाला हवी असलेली गोष्ट नेमकी त्या गाळलेल्यांत राहून गेलेली असते. ती हुडकून काढण्यासाठीं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो : हा आंकडा नेमका कोणाचा ?

नभोवाणीवर फळा नाहीं, म्हणून कागद-पेन्सिल जवळ असल्यास घ्यावी. एका काल्पनिक वसतिगृहांतील नऊ विद्यार्थ्यांना आपण त्यांचा महिन्याचा वरखर्च विचारला असें समजूं. उत्तरें आलीं तीं अशीं : ४००, ५००, ५००, ६००, ७००, ८००, ९००, १,००० आणि ८,१०० रुपये. बेरीज १३,५०० झाली. तिला नवानें भागलें कीं सरासरी १,५०० येते. हिशेबांत चूक कोठेंच नाहीं. परंतु नऊ जणांपैकीं आठ जण या सरासरीच्या खालीं आहेत, आणि दीड हजाराच्या आसपास खर्च करणारा तर त्यांत एकहि नाहीं. एका श्रीमंत सोबत्यानें सगळ्यांची सरासरी वर उचलली आहे. 'बाबा, इथें सरासरी दीड हजार वरखर्च येतो,' असें जो मुलगा घरीं कळवील तो खोटें बोलत नाहीं. आपल्या सोयीचें खरें तेवढें त्यानें निवडलेलें असतें.

अशा वेळीं मध्यक उपयोगी पडतो. सर्व उत्तरें चढत्या क्रमानें मांडावीं आणि बरोबर मधलें उचलावें. येथें पांचवें उत्तर ७०० रुपयांचें आहे. चार उत्तरें त्याच्या अलीकडे, चार पलीकडे. शेवटच्या विद्यार्थ्याचा खर्च ८,१०० ऐवजीं ८१,००० झाला तरी मध्यक जागचा हलत नाहीं. उत्पन्न, खर्च, कर्ज अशा पैशाच्या बाबतींत वाचकानें मध्यकच मागावा असें माझें मत आहे. आणि ज्या अहवालांत सरासरी छापली पण मध्यक छापला नाहीं तो जरा संशयानेंच वाचावा. याचा अर्थ सरासरी निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. वसतिगृहाच्या चालकाला सर्व मुलांना मिळून किती रक्कम लागेल हें ठरवावयाचें असेल तर त्याला सरासरीच हवी, कारण ती विद्यार्थिसंख्येनें गुणली कीं एकूण बेरीज परत मिळते. मध्यकाला तें साधत नाहीं.

फैलाव किती, हें मात्र या दोहोंपैकीं कोणीच सांगत नाहीं. एका वर्गांतील प्रत्येक मुलगा रोज सुमारें तीन तास अभ्यास करतो; दुसऱ्या वर्गांतील निम्मीं मुलें सहा तास बसतात आणि निम्मीं पुस्तक उघडीत नाहींत. सरासरी दोन्हीकडे तीनच. दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाला ही सरासरी काय उपयोगाची ? यासाठींच सरासरीशेजारीं 'प्रमाण विचलन' म्हणून एक आंकडा देतात. उत्तरें सरासरीपासून साधारणपणें किती दूर पसरलीं आहेत याचें तें माप होय. तें लहान असेल तर सरासरीवर विसंबावें. मोठें असेल तर सरासरी विद्यार्थी हा केवळ कागदावरचा प्राणी समजावा.

आतां उत्तर देणाऱ्यांकडे वळूं. डॅरेल हफ यांनीं १९५४ सालीं 'हाउ टु लाय विथ स्टॅटिस्टिक्स' नांवाचें एक खुसखुशीत पुस्तक लिहिलें. त्याच्या आरंभींच येल विद्यापीठाच्या १९२४ सालच्या तुकडीचें उदाहरण आहे. या तुकडींतील सरासरी पदवीधर वर्षाला २५,१११ डॉलर मिळवितो, असें विधान अमेरिकेंत छापून आलें होतें. त्या काळीं ही रक्कम फारच मोठी होती. हफ यांचे प्रश्न साधे आहेत. इतक्या वर्षांनंतर पत्ता कोणाचा सांपडला असेल ? ज्याचें नांव झालें त्याचा. पत्र मिळाल्यावर उत्पन्न कळविण्याची हौस कोणाला असेल ? ज्याचें बरें चाललें आहे त्याला. आणि कळवितांना आंकडा थोडा फुगविण्याचा मोह कोणाला होणार नाहीं ? ज्यांचा पत्ता हरवला आणि ज्यांनीं उत्तर टाळलें ते सारे त्या सरासरींतून गळले. शेवटचा एक डॉलरहि सोडलेला नाहीं, ही त्या आंकड्याची ऐट तर निराळीच.

हें उदाहरण जुनें आहे म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. आज मुलाला कोणत्या महाविद्यालयांत घालावें याचा विचार करणाऱ्या आईबापांसमोर माहितीपत्रक येतें आणि त्यांत पदवीधरांना मिळालेलें सरासरी वेतन ठळक छापलेलें असतें. लाखों रुपयांचें शुल्क आणि बहुधा कर्ज त्या एका आंकड्याच्या भरंवशावर ठरतें. तेथें विचारावें : ही सरासरी सगळ्या तुकडीची कीं केवळ नोकरी लागलेल्यांची ? साठांपैकीं वीसच जणांना नोकरी लागली असेल तर उरलेले चाळीस जण भागाकारांत आहेत कीं बाहेर ? आणि मध्यक किती ? हे प्रश्न विचारण्यांत संकोच मानण्याचें कांहीं कारण नाहीं.

सगळ्यांनीं उत्तर दिलें आणि खरें दिलें, तरीहि आंकडा चकवूं शकतो. वर्गांतील मुलांना विचारलें कीं तुमच्या घरीं तुम्हांला धरून भावंडें किती, आणि उत्तरांची सरासरी काढून समाजांतील सरासरी कुटुंब एवढें मोठें आहे असें म्हटलें, तर तें चुकतें. चार जोडपीं घ्या. एकाला मूल नाहीं, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन, चौथ्याला पांच. जोडप्यांना विचाराल तर आठ मुलें भागिले चार, म्हणजे सरासरी दोन. त्याच आठ मुलांना विचारा. एक मूल 'एक' म्हणेल, दोघें 'दोन' म्हणतील, आणि पांच जण 'पांच' म्हणतील. बेरीज तीस, सरासरी पावणेचार. मोठ्या घराचा आवाज पांचदां ऐकूं येतो, आणि निपुत्रिक घराचा एकदांहि नाहीं. सॅम्युएल प्रेस्टन या लोकसंख्याशास्त्रज्ञानें मुलांनीं सांगितलेलें कुटुंब आणि स्त्रियांनीं सांगितलेलें कुटुंब यांतील हा भेद १९७६ सालीं एका लेखांत गणितानें मांडून दाखविला. कुटुंबें लहान झालीं हें एका पाहणींत दिसतें आणि दुसरींत दिसत नाहीं, असा घोळ झाला तर प्रश्न कोणाला विचारला होता तें आधीं पाहावें.

शेंकडेवारीची गोष्ट याहून नाजूक, कारण तिच्यांत छेद लपलेला असतो. आपल्या देशांत २०१०-११ पासून अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण होत आलें आहे. त्यांतील माहिती विद्यार्थी नव्हे, तर शिक्षणसंस्था भरून देतात. २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणें उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी ४.३३ कोटि होते आणि त्यांत मुली २.०७ कोटि, म्हणजे शेंकडा सुमारें ४८. मुली अद्याप मागें आहेत, असें यावरून कोणी म्हणेल. त्याच अहवालांत प्रवेशाचें स्थूल प्रमाण मुलांचें २८.३ आणि मुलींचें २८.५ दिलें आहे. मुली पुढें गेल्या, असें यावरून दुसरा म्हणेल. दोन्ही आंकडे खरे आहेत. पहिल्यांत छेद आहे सर्व विद्यार्थ्यांचा. दुसऱ्यांत छेद आहे १८ ते २३ वयाच्या सर्व मुलींचा, मग त्या शिकत असोत वा नसोत. त्या वयाच्या मुलींची संख्याच मुलांहून कमी असल्यामुळें विद्यार्थ्यांत त्या निम्म्याहून कमी दिसतात. शिवाय 'स्थूल' हा शब्दहि उगाच घातलेला नाहीं. अंशांत कोणत्याहि वयाचा विद्यार्थी धरतात, छेदांत मात्र सहा वर्षांच्याच वयाचे. त्यामुळें त्या वयाच्या शंभरांतले बरोबर २८ जण शिकत आहेत असा त्याचा अर्थ करतां येत नाहीं.

आतां एक उदाहरण सविस्तर सांगतों. त्यांत स्त्रियांच्या शिक्षणाचा आणि एका विद्यापीठाच्या अब्रूचा प्रश्न होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रांत १९७३ सालीं पदव्युत्तर शिक्षणासाठीं ८,४४२ पुरुषांचे आणि ४,३२१ स्त्रियांचे अर्ज आले. पुरुषांपैकीं शेंकडा ४४ जणांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकीं शेंकडा ३५ जणींना. एवढ्या मोठ्या संख्यांत इतका फरक केवळ योगायोगानें पडणें जवळजवळ अशक्य. स्त्रियांना डावललें जात आहे असाच निष्कर्ष कोणीहि काढला असता. परंतु प्रवेश देण्याचें काम तेथें एकेक विभाग स्वतंत्रपणें करीत असे. तेव्हां डावलणारा विभाग कोणता, तें शोधून काढणें प्राप्त होतें. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल या तिघांनीं तो शोध केला आणि १९७५ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला.

सर्वांत मोठ्या सहा विभागांचे आंकडे पाहूं. विभागांची नांवें प्रसिद्ध झालीं नाहींत. ए पासून एफ पर्यंत अक्षरें दिलीं आहेत. ए विभागांत पुरुषांपैकीं शेंकडा ६२ जणांना प्रवेश मिळाला, तर स्त्रियांपैकीं शेंकडा ८२ जणींना. बी मध्यें पुरुष ६३, स्त्रिया ६८. डी मध्यें ३३ आणि ३५. एफ मध्यें ६ आणि ७. सी आणि ई या दोनच विभागांत पुरुष किंचित् पुढें होते : ३७ ला ३४ आणि २८ ला २४. म्हणजे सहांपैकीं चार विभागांत स्त्रियांचेंच प्रमाण अधिक. आणि या सहांचीच बेरीज केली तर पुरुष शेंकडा सुमारें ४५, स्त्रिया शेंकडा ३० ! सुट्या आंकड्यांत जी गोष्ट नाहीं ती बेरजेंत आली कोठून ?

उत्तर अर्जांच्या संख्येंत आहे. ए आणि बी हे उदार विभाग. तेथें दोघांपैकीं एकाहून अधिक जणांना प्रवेश मिळे. या सहा विभागांकडे अर्ज करणाऱ्या २,६९१ पुरुषांपैकीं १,३८५ जण, म्हणजे निम्म्याहून अधिक, या दोन दारांशीं गेले. १,८३५ स्त्रियांपैकीं तेथें गेल्या अवघ्या १३३. उरलेल्या १,७०२ जणींनीं ज्या चार विभागांकडे अर्ज केले तेथें जो येईल त्याला, पुरुष असो वा स्त्री, बहुधा नकारच मिळत होता. एकत्र सरासरी काढतांना 'अर्ज कोठें केला' ही गोष्ट गाळली गेली, आणि तिच्या जागीं 'अर्ज कोणीं केला' ही गोष्ट कारण म्हणून उभी राहिली. असा उलटा प्रकार घडूं शकतो हें यूल यांनीं १९०३ सालींच दाखविलें होतें. पुढें १९५१ सालीं सिम्प्सन यांनीं त्याचें विवेचन केलें, आणि आतां तो सिम्प्सनचा विरोधाभास म्हणून ओळखला जातो.

तर मग अन्याय नव्हताच काय ? संशोधकांनीं असें म्हटलेलें नाहीं. प्रवेश-समित्यांच्या निवडींत त्यांना स्त्रियांविरुद्ध कल आढळला नाहीं. सर्व विभागांचे आंकडे योग्य रीतीनें एकत्र केल्यावर किंचित् कल स्त्रियांच्याच बाजूचा निघाला. परंतु ज्या विषयांत जागा थोड्या, पैसा अपुरा आणि गर्दी फार, त्याच विषयांकडे स्त्रियांचा ओघ कां वळला, हा प्रश्न त्यांनीं पुढें ठेवला. अनेक विभागांत प्रवेशासाठीं गणिताची पूर्वतयारी लागे; ती मुलींना आधींच्या शिक्षणांत फारशी मिळालेली नसे. म्हणजे वाट जेथें वळली तें ठिकाण अर्ज भरण्याच्या कित्येक वर्षें अलीकडे, शाळेच्या वर्गांत आणि घरांतील बोलण्यांत होतें. १९७३ सालच्या अर्जांच्या त्या तक्त्यांत शाळेचा रकानाच नव्हता.