मुलाखतीच्या दारापर्यंत नेणारा कागद

एखाद्या कारखान्याने भांडार साहाय्यकाच्या एका जागेसाठी जाहिरात द्यावी आणि आठवडाभरात शे-दीडशे अर्ज येऊन पडावेत, ही आज नेहमीची गोष्ट झाली आहे. इतक्या सर्वांना मुलाखतीस बोलावणे कोणत्याही कार्यालयास शक्य नसते. मोजक्या काहींना बोलावले जाते. उरलेल्यांना बहुधा नकाराचे पत्रही येत नाही. ही निवड होते त्या वेळी उमेदवार तेथे हजर नसतो. त्याचा प्रामाणिकपणा, कामाचा उरक, शिकण्याची हौस यांपैकी काहीच निवड करणाऱ्याला दिसत नाही. त्याच्यासमोर असतो तो एक-दोन पानांचा कागद. या कागदाला स्वपरिचयपत्र म्हणतात. बोलण्यात 'बायोडाटा' किंवा 'रेझ्युमे' हे शब्द रूढ आहेत. या कागदाचे काम मर्यादित आहे. त्याने मुलाखतीचे बोलावणे आणावे. पुढची नोकरी उमेदवाराने स्वतः मिळवायची असते.

मराठी घरांत 'बायोडाटा' हा शब्द लग्नाच्या बोलण्यांतही तितकाच ऐकू येतो. त्यामुळेच की काय, एकाची सवय दुसऱ्यात शिरते. माथ्यावर 'श्री गणेशाय नमः', खाली उंची, जात, भावंडांची संख्या, वडिलांचा व्यवसाय, आणि अनुभवाला जागा मिळते ती पानाच्या तळाशी. भांडार सांभाळण्याशी यांपैकी कशाचाच संबंध नसतो. सरकारी भरतीच्या विहित नमुन्यात प्रवर्ग, जन्मतारीख इत्यादी माहिती विचारलेली असते आणि तेथे ती द्यावीच लागते. इतरत्र नाव, राहण्याचे ठिकाण, सतत चालू असणारा एक भ्रमणध्वनी क्रमांक आणि ई-मेलचा पत्ता एवढे पुरेसे आहे. आधार क्रमांक किंवा बँकेच्या खात्याचा क्रमांक मात्र कधीही लिहू नये, कारण हा कागद अनेक अनोळखी हातांतून फिरतो.

खरी अडचण पुढे येते. समजा, सांगली जिल्ह्यातील एका मुलीची शाळा २०१२ मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे नववीनंतर सुटली. सात वर्षे तिने घरचे किराणा दुकान सांभाळले. २०१९ मध्ये विवाहानंतर ती बडोद्यास गेली. लहान मुलाचे संगोपन करता करता मुक्त विद्यालयातून २०२२ मध्ये तिने दहावीची आणि २०२४ मध्ये बारावीची परीक्षा दिली. वर उल्लेखिलेली जाहिरात वाचून ती स्वपरिचयपत्र लिहावयास बसते आणि 'अनुभव' या शब्दापुढे लिहिते : 'निरंक'.

असे लिहिणारी ती एकटी नाही. ज्या कामाचा पगार मिळाला नाही, ज्याचे नियुक्तिपत्र नाही, ते काम अनुभवात धरायचे नसते, अशी समजूत सर्वत्र आढळते. घरचे दुकान, शेतमालाची विक्री, खानावळ, डब्यांचा व्यवसाय, बचत गटाचे हिशेब, शेजारच्या मुलांच्या शिकवण्या ही सर्व कामे 'घरचीच' म्हणून गाळली जातात. जाहिरातीत काय मागितले आहे ते पाहावे : मालाच्या आवक-जावकेची नोंद, साठ्याची मोजणी, संगणकावर बिले तयार करणे. सात वर्षे तिने नेमके हेच केले होते. 'निरंक' या एका शब्दाने तिने स्वतःची सात वर्षे पुसून टाकली. आता त्याच जागी पुढील मजकूर असता तर?

'घरच्या किराणा दुकानात २०१२ ते २०१९ या काळात काम. सुमारे चारशे वस्तूंच्या साठ्याची नोंद व महिनाअखेरीस मोजणी. घाऊक व्यापाऱ्याकडून आलेला माल बिलाशी ताडून घेणे. २०१७ पासून संगणकावर जीएसटीची बिले तयार करणे.'

या मजकुरात 'मेहनती', 'होतकरू', 'जबाबदार' असा एकही शब्द नाही. ही विशेषणे शे-दीडशे अर्जांपैकी बहुतेकांत असतात आणि वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरून जाते. वस्तू चारशे होत्या, मोजणी दर महिन्याला होत असे, बिले संगणकावर होत होती, या गोष्टी मात्र त्याला थांबवतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुकानात बसणे याला 'व्यवस्थापक' असे भारदस्त नाव देण्याचा मोह टाळावा. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला असे पद गळून पडते आणि त्याबरोबर बाकीच्या खऱ्या मजकुरावरचा विश्वासही जातो.

एकच स्वपरिचयपत्र छापून त्याच्या पन्नास प्रती सर्वत्र पाठवणे ही दुसरी चूक. इटलीचा ख्यातनाम चित्रकार लिओनार्दो दा विंची याने सुमारे १४८२ मध्ये मिलानच्या सत्ताधीशाकडे काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. मिलानला तेव्हा युद्धाची चिंता होती. म्हणून त्याने आरंभी हलके व वाहून नेता येणारे पूल, तोफा आणि आच्छादित रथ आपण बनवू शकतो असे मुद्दे क्रमाने मांडले. शांततेच्या काळातील इमारतींचा उल्लेख त्यानंतर, आणि चित्रकलेचा तर अगदी अखेरीस येतो. ज्या कलेने तो जगाला माहीत झाला ती त्याने शेवटी ठेवली, कारण मिलानला त्या वेळी तिची निकड नव्हती. बडोद्याच्या त्या तरुणीनेही शिवणकामाच्या जागेसाठी अर्ज करताना दुकानाचा तपशील दोन ओळींत आवरावा आणि शिवणाचा अनुभव असल्यास तो वर आणावा. मजकूर खराच राहतो; बदलतो तो क्रम.

शिक्षणातील खंडाविषयी लिहिताना अनेकांचा हात अडखळतो. काही जण वर्षे गाळतात, काही जण ती पुढे-मागे करतात. वाचणारा मात्र तारखांकडेच प्रथम पाहतो. 'वडिलांच्या आजारपणामुळे २०१२ मध्ये शिक्षण थांबले. २०२२ मध्ये माध्यमिक व २०२४ मध्ये उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण', एवढे लिहिले की पुरे. २०१९ नंतरच्या वर्षांसाठी 'बालसंगोपन व शिक्षण' हे तीन शब्द पुरतात. मंडळाचे नाव लिहिताना 'मुक्त' हा शब्द लपवण्याचेही कारण नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून १९७९ मध्ये सुरू झालेले हे कार्य १९८९ मध्ये स्वायत्त संस्थेकडे आले आणि २००२ पासून ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाते. घर सांभाळून, शिक्षकाच्या रोजच्या धाकाशिवाय दोन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीविषयी जाणत्या वाचकाचे मत चांगलेच होते.

नावाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो अनेकींना छळतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, एकीकडे आडनाव आरंभी तर दुसरीकडे शेवटी, आणि इंग्रजी लिपीतील अक्षरे प्रत्येक ठिकाणी निराळी! अशा वेळी स्वपरिचयपत्रावर प्रमाणपत्रातील नाव जसेच्या तसे लिहून पुढे विवाहानंतरचे नाव द्यावे आणि विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवावा.

महाराष्ट्राबाहेर अर्ज करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात २००१ पासून सर्वांच्या परिचयाचा आहे. बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथील कार्यालयात ते नाव ओळखीचे असेलच असे नाही. तेथे अभ्यासक्रमाच्या नावाबरोबर 'एक्सेलमध्ये तक्ते तयार करता येतात' असे स्पष्ट लिहावे. भाषांच्या बाबतीतही 'मराठी, हिंदी, गुजराती' एवढ्यावर थांबू नये. कोणती भाषा लिहिता येते आणि कोणती केवळ बोलता येते, हे सांगावे. गुजरातेतील कारखान्यात महाराष्ट्रातून माल येत असेल, तर पुरवठादाराशी मराठीत बोलू शकणारी व्यक्ती तेथे उपयोगी पडते.

स्वपरिचयपत्र जाहिरातीच्या भाषेत लिहावे. संगणकावर जुळणी केली असेल तर ते पीडीएफ स्वरूपात पाठवावे. कृतिदेवसारख्या जुन्या टंकात (फाँटमध्ये) जुळवलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर तो टंक नसल्यास अगम्य चिन्हांसारखा उमटतो, आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मोठ्या कंपन्यांमध्ये अर्जांची पहिली चाळणी अनेकदा संगणकच करतो. तो जाहिरातीतील शब्द शोधतो. म्हणून जाहिरातीत 'साठा नोंद' असे असेल आणि ते काम खरोखर येत असेल, तर तोच शब्द वापरावा. रंगीत चौकटी, नक्षी आणि चित्रे यांच्यात मजकूर अडकला तर संगणकाला तो नीट वाचता येत नाही.

'छंद' या शीर्षकाखाली वाचन, प्रवास, संगीत असे ठरावीक शब्द लिहिण्यापेक्षा ती जागा सोडलेली बरी. 'अलीकडे कोणते पुस्तक वाचलेत?' हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. संदर्भासाठी ज्यांची नावे द्यायची त्यांना आधी विचारावे. नंतर संपूर्ण मजकूर दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावा, कारण स्वतःच्या भ्रमणध्वनी क्रमांकातील चुकलेला आकडा स्वतःला दिसत नाही.

पाठवलेल्या प्रत्येक स्वपरिचयपत्राची प्रत, जाहिरातीचे कात्रण आणि पाठवल्याची तारीख एकत्र ठेवावी. बोलावणे कधी तीन दिवसांनी येते, कधी दोन महिन्यांनी, आणि तेव्हा समोरच्या टेबलावर असतो तो त्याच दिवशी पाठवलेला कागद.