खाणीची जमीन बरी झाली, हे कसं ओळखायचं?

आपल्या वसई तालुक्यात दगडाच्या खाणी आहेत, तशा गोव्यात डिचोली आणि सत्तरी भागात लोखंडाच्या खाणी आहेत. तिथे एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती उपसावी लागते. ती नुसती टाकून देतात. तिचे डोंगर झाले आहेत. त्यांना तिकडे डंप म्हणतात. पावसात ही लाल माती वाहून भातशेतात नि तळ्यात जाते. शेतात गाळ बसल्यावर भात कसलं पिकतंय!

सुप्रीम कोर्टाने २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली तिथल्या खाणी थांबवल्या. आता काही परत सुरू झाल्यात. पण खाण थांबली म्हणून जमीन लगेच बरी होत नाही. डंपवर अकेशियाची झाडे लावली, ती लांबून हिरवीगार दिसतात. गुरुजी म्हणाले, लांबून नको, वाकून बघायचं. झाडाखाली गवत उगवलं का? पाला कुजून माती काळी झाली का? गांडूळ सापडतं का? तळ्याचे पाणी बाटलीत ठेवले तर तळाला गाळ किती बसतो? शास्त्रज्ञ तर पाण्यातले लोखंड आणि मँगनीजसुद्धा मोजतात.

मोजायचं दरवर्षी, त्याच जागी, त्याच महिन्यात. आणि शेजारची कधीच न खणलेली जमीन पण मोजायची, म्हणजे ताडून बघता येतं. (आजारी माणसाचा ताप आपण रोज बघतो, तसंच हे.) पाणी मात्र पावसाळ्यात एकदा नि दिवाळीनंतर एकदा बघावं, कारण पावसात डंप परत वाहतो.

— इयत्ता चौथी