पोथीच्या शेवटचा ‘ग्रंथ’

जुन्या पोथ्यांच्या शेवटीं ‘ग्रंथसंख्या १८००’ किंवा नुसतें ‘ग्रं॰ १८००’ असा आंकडा पुष्कळदां आढळतो. जैन भांडारांतील पोथ्यांत त्याच ठिकाणीं ‘ग्रंथाग्र’ हा शब्द येतो. हा आंकडा श्लोकांचा नव्हे, पुस्तकांचा नव्हे, आणि शकाचा तर मुळींच नव्हे. येथें ग्रंथ म्हणजे बत्तीस अक्षरांचें माप होय. अनुष्टुभाचे चरण चार व प्रत्येक चरणाचीं अक्षरें आठ, त्यावरून हें माप निघालें. मग गद्य असो वा दुसरें वृत्त असो, सर्वच लिखाण त्यानें मोजण्याची वहिवाट पडली. आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशांत (१८९०) हा अर्थ दिलेला आहे. परंतु नित्याच्या मराठींतून तो गेल्यामुळें पोथ्यांची यादी करणारा सहज फसतो.

गद्याचें उदाहरण म्हणून बौद्धांची ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ घ्यावी. नांवांत आठ हजार, पण पुस्तक गद्य! त्यांत आठ हजार श्लोक शोधूं जाणारास ते सांपडावयाचे नाहींत. हे आठ हजार ग्रंथ, म्हणजे सुमारें २,५६,००० अक्षरें, होत. पंचविंशतिसाहस्रिका, शतसाहस्रिका हीं तिच्या भावंडांचीं नांवेंहि याच हिशेबाचीं.

मोजण्याची रीत सोपी आहे. जोडाक्षर एकच धरावें. अनुस्वार, विसर्ग व हलन्त वर्ण निराळे मोजूं नयेत. शंभर पानांची पोथी दोन्ही अंगांनीं लिहिलेली, पृष्ठास नऊ ओळी व ओळीस बत्तीस अक्षरें असलीं, तर तिचे १८०० ग्रंथ झाले. नक्कल करणाऱ्या लेखकाची मजुरी हजार ग्रंथांच्या मानानें ठरे, म्हणून हा आंकडा कांहींसा फुगविलेला असणें अशक्य नाहीं. पुष्कळदां तर तो मूळ प्रतींतून जसाच्या तसा उतरलेला असतो, आणि संशोधकास तेंच अधिक उपयोगी. शेवटीं १८०० लिहिले असून प्रत्यक्ष मोजणींत चौदाशेंच भरले, तर मधलीं पानें गळालीं किंवा लेखकानें मजकूर सोडला असा संशय घ्यावा. बावीसशें भरले, तर मागाहून भर पडली कीं काय हें पाहावें. पानांचे अनुक्रमांक अखंड असले तरी ही तपासणी सोडूं नये, कारण खंडित मूळावरून केलेल्या नकलेचेहि अनुक्रमांक अखंडच असतात.

मराठी पोथींत मात्र जपावें. ओवीस अक्षरसंख्येचें बंधन नाहीं. दासबोधाच्या ७७५१ ओव्या म्हणजे तितकेच ग्रंथ असें धरतां येत नाहीं. सूचींत दोन्ही संख्या निरनिराळ्या द्याव्या.

शब्दाचें मूळ ओवणें, गांठणें या अर्थाच्या धातूंत आहे. ताडपत्रांस भोंक पाडून तीं दोरींत ओवीत. आपली ‘गांठ’ त्याच कुळांतली. व्यवहारांत ‘ग्रंथ आटोपला’ म्हणजे माणूस गेला किंवा प्रकरण संपलें; जड भाषेस आपण ‘ग्रांथिक’ म्हणतों. दक्षिणेंत आणखी एक अर्थ आहे. तंजावरच्या सरस्वती महालासारख्या संग्रहाच्या सूचींत लिपीच्या रकान्यांत ‘ग्रंथ’ असें दिसलें, तर ती तामिळ देशांत संस्कृत लिहिण्याची लिपी समजावी.