टाकीवर सेन्सर बसला, म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

जलजीवन मिशनमध्ये काही गावांच्या पाणी योजनांवर सेन्सर बसवले आहेत. हे यंत्र पाण्यातलं क्लोरीन आणि पाईपमधला दाब मोजून सिमकार्डवरून आकडे पाठवतं. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं. त्याखाली आकडा गेला, तर टीसीएल कमी पडलं किंवा फुटक्या पाईपातून घाण शिरली, अशी शंका घ्या.

पण हे यंत्र जंतू मोजत नाही. त्यासाठी पावसाळ्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेत नमुना द्यावाच लागतो. सेन्सरवर शेवाळ धरलं, तर आकडाही फसवतो. रेंज गेली, तर येतच नाही. म्हणून जलसुरक्षकाची ओटी टेस्ट बंद पडू देऊ नका. शेवटच्या नळाचं पाणी कधी तपासलं, हे ग्रामसभेत विचाराच.